रंगाखालचा गंज
(उपवासकाळासाठी चिंतन)



भस्म बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली गेली. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात (मत्तय ६:१-६, १६-१८) प्रभू येशूने आपल्याला एका गोष्टीबद्दल सावध केले : लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या धर्माबद्दल. त्याच अध्यायात थोडे पुढे प्रभू म्हणतो की पृथ्वीवर साठवलेल्या धनाला कसर लागते, गंज लागतो (मत्तय ६:१९-२०). आपण ज्याला गंज म्हणतो, त्यासाठी मूळ ग्रीक भाषेत आलेल्या शब्दाचा साधा अर्थ आहे 'खाणे'. गंज म्हणजे खाणारा. तो ओरडत नाही, धावून येत नाही. तो आतून खातो.

हे खाणे कसे चालते ते समजण्यासाठी जुन्या मोटारगाडीकडे पाहू या. १९६४ साली फियाट डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' या नावाने धावलेली गाडी आपल्यापैकी अनेकांनी वापरली आहे. लग्नाच्या वरातीत ती होती, दवाखान्याच्या वाटेवर ती होती. आजही काही घरांत वडिलांची आठवण म्हणून ती जपून ठेवलेली दिसते. अशी गाडी जपणाऱ्याला विचारा, तिचा मोठा शत्रू कोण? तो इंजिनाचे नाव घेणार नाही. तो म्हणेल, पत्र्याचा गंज.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग वाढतो. म्हणून वसई, उत्तन, गोराईसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावांत पत्रा लवकर जातो. गंजाची आणखी एक खोड आहे. ॲल्युमिनिअमवर जो थर चढतो तो आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. पाणी धरून ठेवतो आणि खालच्या चांगल्या लोखंडाला खात राहतो. तो आपणहून कधी थांबत नाही. आपले लहान पापही असेच असते. 'एवढ्याशाने काय होते?' असे आपण म्हणतो. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद १८६३) आपल्याला सांगतो की क्षम्य पापाने देवाशी असलेले नाते तुटत नाही. पण जाणूनबुजून केलेले आणि पश्चात्तापाविना राहिलेले लहान पाप आपल्याला हळूहळू मोठ्या पापाकडे नेते.

पद्मिनीसारख्या गाडीला वेगळा सांगाडा नसतो. तिचा पत्राच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी गंजली तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा आधार जातो. म्हणून पत्र्याला पडलेले लहान भोक जाणता कारागीर हसण्यावारी नेत नाही. तो ते कसे दुरुस्त करतो, ते चार पायऱ्यांनी पाहू या.

पहिली पायरी : शोधणे. सुरुवातीला भोक दिसतच नाही. रंगाला एक बारीक फोड येते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला वर ढकलतो. कारागीर त्या फोडीवर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबतो आणि टोक आत जाते. बाहेर चार आण्याच्या नाण्याएवढा दिसणारा डाग खरवडल्यावर तळहाताएवढा निघतो. गंज बहुधा आतल्या बाजूने सुरू झालेला असतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी विवेकाची तपासणी करण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे, ती याचसाठी. अचानक आलेला राग, जेवताना सुनेला लागलेला टोमणा, हिशेबात मागे ठेवलेले पन्नास रुपये, या रंगावरच्या फोडी आहेत. त्यांच्याखाली काय आहे, ते टोक दाबल्याशिवाय कळत नाही.

दुसरी पायरी : चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासणे. येथेच बहुतेक जण चुकतात. गंजावरच पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वर रंग फवारायचा. गाडी दोन दिवसांत नव्यासारखी दिसते. पण पुट्टी ओल शोषते. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा फुगते आणि खपली पडते, तेव्हा भोक पहिल्यापेक्षा मोठे झालेले असते. यहेज्केल संदेष्ट्याने अशाच लोकांना फटकारले होते. कच्ची भिंत उभी करायची आणि वरून चुना फासायचा. पाऊस आला की भिंत आणि चुना दोन्ही खाली (यहेज्केल १३:१०-१५). पुढे २४व्या अध्यायात तर गंजलेल्या कढईचाच दाखला आहे. ती कढई रिकामी करून निखाऱ्यांवर ठेवा, गंज जळून जाईपर्यंत ती तापू द्या, असे देव सांगतो. वरवर धुऊन तो गंज निघणार नव्हता.

आपल्या घरांत किती पुट्टी भरलेली असते! दोन सख्खे भाऊ एका अंगणात राहतात. वाटणीच्या हातभर जागेवरून, आईच्या आजारपणाच्या खर्चावरून बोलणे बंद झालेले असते. पुतणीच्या लग्नात दोघे एकाच फोटोत उभे राहतात. मिस्सामध्ये शांतीचा संकेत देताना एकमेकांकडे न पाहता हात जोडतात. गावाला वाटते, सर्व ठीक आहे. आत पत्रा खाल्ला जात असतो आणि आता मुलेही एकमेकांशी बोलेनाशी झालेली असतात. बंधूंनो, पापनिवेदन म्हणजे हा रंग खरवडणे. वाडवडिलांनी ज्याला कुमसार म्हटले, त्या संस्कारात 'माझ्याकडून काही चुका झाल्या' असे मोघम बोलून भागत नाही. पापाला त्याच्या नावाने हाक मारावी लागते. 'मी माझ्या भावाचा द्वेष करतो' हे शब्द तोंडातून निघाले की चकचकीत लोखंड दिसू लागते.

तिसरी पायरी : नवे ठिगळ. गंजलेले लोखंड घासून पुन्हा लोखंड होत नाही. जे खाल्ले गेले ते गेले. भोकाच्या कडेचा कुजका पत्रा कापून टाकावा लागतो आणि तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा बाहेरून आणावा लागतो. ही देवाची कृपा. ती आपण आपल्यातून तयार करू शकत नाही. ती क्रुसावरून मिळते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, असे प्रभूने म्हटले (मत्तय ९:१६), त्याचा अर्थ येथे ध्यानात येतो. कड कुजकी ठेवली तर कृपेचे ठिगळ धरत नाही. वेल्डिंग करणारा आणखी दोन गोष्टी पाळतो. काम सुरू करण्याआधी तो बॅटरीची तार काढतो आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवून दूर ठेवतो. आपणही पापाचे निमित्त दूर ठेवले पाहिजे. दारू सोडणाऱ्याने गुत्त्यासमोरचा रस्ता बदलावा. दुसरी गोष्ट म्हणजे तो एका दमात पूर्ण कड जोडत नाही. एक टाका इथे, एक तिथे, मध्ये पत्रा थंड होऊ देतो. घाई केली तर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. तुटलेले नातेही एका दिवसात जुळत नाही. आज नुसते 'कसा आहेस, दादा?' एवढे विचारा. पुढच्या रविवारी दुसरा टाका.

चौथी पायरी : आतली बाजू. बाहेरून जोड साफ झाला, रंग झाला, म्हणजे काम संपले असे नाही. दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली म्हणूनच पाणी साचले आणि गंज लागला. ती मोकळी केली नाहीत आणि आतून प्रायमर लावला नाही, तर नवे ठिगळही गंजणार. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद १४५९) हेच शिकवतो. पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने केलेली सर्व मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे लागते, कुणाचे नाव खराब केले असेल तर ते पुन्हा सावरावे लागते. जक्कय प्रभूचे घरी आनंदाने स्वागत करून थांबला नाही; ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याची त्याने तयारी दाखवली (लूक १९:८). कुमसारानंतर तीन 'नमो मरिया' म्हणून झाल्या, पण भावाच्या हिश्शाचे पैसे आपल्याच कपाटात राहिले, तर दाराच्या तळाशी पाणी अजून साचलेलेच आहे.

शेवटी एक शब्द निराश झालेल्यांसाठी. 'फादर, वीस वर्षे झाली, मी कुमसाराला गेलो नाही. आता माझे काय दुरुस्त होणार?' असे म्हणणारे आपल्या धर्मग्रामातही असतील. मुंबईत टॅक्सीला वयाची वीस वर्षांची मर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या नियमाने २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. माणसांच्या रस्त्यावर असा नियम हवाच. पण देवाच्या दयेला अशी मर्यादा नाही. उधळ्या पुत्राचा बाप वर्षे मोजत बसला नव्हता, तो वाट पाहत होता. पत्र्याची थोडी जागा शाबूत असेल तर कारागीर म्हणतो, इथून जोड धरता येईल. तुमच्या मनात आज जी खंत उठली, ती शाबूत जागा आहे. पवित्र आत्म्यानेच ती राखली आहे.

या आठवड्यात पापनिवेदनाला येऊ या. आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या दारापर्यंत जाऊ या.

हे प्रभू येशू, आमच्या रंगाखाली काय आहे, ते तू जाणतोस. खरवडण्याची भीती आमच्यातून काढून टाक. जे खाल्ले गेले ते तुझ्या कृपेने भरून काढ आणि आम्हांला आतून नवे कर. आमेन.