बसण्यासाठी घडवलेली खुर्ची

खुर्ची बसण्यासाठी असते. परंतु ती संग्रहालयात गेली की तिच्यापुढे दोरी बांधली जाते आणि मग तिच्यावर कोणालाही बसता येत नाही. हा तिचा सन्मान म्हणावा की तिला झालेली शिक्षा? चीनमधील मिंग राजवटीच्या (१३६८-१६४४) काळातील लाकडी सामान जमविणाऱ्यांच्या हकिकती वाचताना हा प्रश्न आम्हांस वारंवार पडला.

या सामानातील उत्तम नग 'ह्वांगह्वाली' नावाच्या सोनेरी-तांबूस लाकडाचे. हे झाड हैनान बेटावरचे आणि आपल्याकडील शिसवाच्याच कुळातले. पुष्कळ नगांवर नक्षीचा भडिमार नाही. लाकडाच्या रेषा हाच त्यांचा अलंकार. भिस्त खिळ्यांवर नाही, सांध्यांवर आहे. एका तुकड्याचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे, मधली फळी चौकटीत मोकळी ठेवायची, म्हणजे दमट हवेत लाकूड फुगले, थंडीत आक्रसले तरी ते तडकत नाही. घोड्याच्या नालासारखी पाठ असलेल्या खुर्चीचा वाटोळा कठडा तीन किंवा पाच तुकडे जोडून केलेला असतो. पण पाहणाऱ्यास तो एकसंध वाटतो. ज्या सुतारांनी हे साधले त्यांची नावे मात्र बहुधा कोणालाच ठाऊक नाहीत.

या घरगुती वस्तूंकडे कला म्हणून जगाचे लक्ष वेधणारा पहिला मोठा ग्रंथ १९४४ साली पेकिंगमध्ये निघाला. त्याचे कर्ते गुस्ताव एके हे जर्मन अभ्यासक पेकिंगच्या फू-रन या कॅथलिक विद्यापीठात शिकवीत. बेनेडिक्टाइन संघाने स्थापिलेले हे विद्यापीठ १९३३ पासून डिव्हाइन वर्ड संघाच्या हाती होते. यांग याओ या सहकाऱ्याने एकेक नगाचे मोजमाप घेऊन आराखडे काढले. युद्धाच्या दिवसांत खुर्च्यांची मापे घेत बसणे कोणास चैन वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही.

पुढे वांग शीशिआंग (१९१४-२००९) यांनी हेच काम आयुष्यभर केले. जुने सामान मोडून त्याच्या लाकडाचे मणिफलक आणि वाद्यांचे भाग केले जात होते. ते वाचवा, असे जाहीर आवाहन त्यांनी १९५७ साली केले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा संग्रह हातचा गेला आणि १९६९ मध्ये त्यांना हूपै प्रांतात शेतश्रमासाठी धाडण्यात आले. वस्तू कालांतराने परत मिळाल्या. परंतु त्या ठेवायला जागा कुठे होती? अखेर १९९३ मध्ये त्यांनी आपले ७९ नग बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीत हाँगकाँगच्या एका कुटुंबास दिले. अट एकच, की सर्वच्या सर्व शांघाय संग्रहालयास दान करावेत.

वांग यांच्या या देण्याची तुलना लिलावाशी करून पाहावी. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये नालाकृती पाठीच्या चार खुर्च्यांचा संच ९६ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. घेणाऱ्याला सौंदर्याची जाण नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. पण अशा किमतींचा परिणाम लिलावघराच्या दाराशी थांबत नाही. हैनानच्या जंगलात हे झाड आज अतिशय दुर्मीळ झाले आहे. लाकडावरचे प्रेम झाडाच्याच मुळावर आले, तर त्याला प्रेम म्हणावे की हाव? वांग यांनी वस्तू जपली तशीच ती सोडलीही, आणि आमच्या मते या दोन वृत्तींमधील अंतर तेथेच दिसते. जो कधीच सोडू शकत नाही तो संग्राहक वस्तूचा मालक नसून तिचा कैदी आहे.

मग दोरीचे काय? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१ साली सूचौच्या कारागिरांनी चिनी घराचे अंगण उभारले आणि त्यालगतच्या दालनात मिंग काळातील सामान मांडले गेले. उंच चौथऱ्यावर एकटी ठेवलेली खुर्ची आणि अशी घराच्या खोलीतली खुर्ची यांत दुसरी आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. बसता येत नसले तरी कोणी बसत होते, हे तिथे कळते.

अशा खुर्चीपाशी गेल्यास कठड्याआधी खाली पाहावे. पुढच्या दोन पायांमधली आडवी पट्टी पाय टेकण्यासाठी असते आणि जुन्या खुर्च्यांत ती पुष्कळदा मधोमध झिजलेली दिसते. दुरुस्ती करणारा कधी तिथे नवी पट्टी बसवितो. ती झीज तशीच राहू द्यावी, असे आमचे मत आहे.