पाटीवरचं नाव

न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाचीबरोबर वाणसामान आणायला निघाले होते. सिग्नलला गाडी थांबली, तशी मागच्या सीटवरची तिची सहा वर्षांची लेक पुढच्या गाडीची नंबरप्लेट मोठ्यानं वाचू लागली. नुकतंच वाचता यायला लागलंय, त्यामुळे दिसेल ती पाटी ती वाचते. आकडे झाले, मग आकड्यांसोबतची अक्षरं. ‘कॉन्कर कॅन्सर.’ आणि लगेच, “आई, कॅन्सर म्हणजे काय गं?”

भाचीनं पुढे बघत बघतच सांगितलं, “आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. त्यांतल्या काही वाढतच सुटतात, थांबायचं विसरतात. तो कॅन्सर.”

“मग बरा होतो?”

“पुष्कळांचा होतो. सगळ्यांचा नाही होत. म्हणून तर पुढच्या गाडीनं ती पाटी लावलीय. नवी औषधं शोधायला पैसे हवेत ना.”

सिग्नल हिरवा झाला. पोरीचं समाधान झालं होतं, ती पुढची पाटी शोधायला लागली. मी मात्र त्या दोन मिनिटांत अडकून राहिले.

घरी आल्यावर भाचीकडून सगळं समजून घेतलं. या राज्यात नेहमीच्या नंबरप्लेटऐवजी अशी खास पाटी घेता येते. सुरुवातीला पन्नास डॉलर आणि पुढे दर वर्षी दहा डॉलर जास्तीचे भरायचे. ‘कॉन्कर कॅन्सर’च्या पाटीचे पैसे न्यू जर्सीच्या कर्करोग संशोधन आयोगाकडे जातात. अशा पाट्या अमेरिकेत बऱ्याच राज्यांत आहेत. फ्लोरिडानं आपली पहिली खास पाटी १९८७ मध्ये काढली, ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात गेलेल्या अंतराळवीरांच्या स्मरणार्थ. आज तिथे शंभरावर तऱ्हा आहेत. त्यांत स्तनांच्या कर्करोगासाठी आहे, अवयवदानासाठीही आहे. कॅलिफोर्नियात मुलांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी पाटी आहे. तिच्यावर आकड्यांच्या रांगेत हृदय, हाताचा पंजा, चांदणी किंवा अधिकचं चिन्ह घालून घेता येतं.

मला यात पैशांपेक्षा दुसरंच काही मोठं वाटतं. आपल्याकडे दानाच्या पाट्या मी लहानपणापासून वाचत आलेय. देवळाच्या पायरीवर, बसस्टॉपच्या बाकावर, दवाखान्यातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ’. नाव असतं ते देणाऱ्याचं, नाहीतर गेलेल्या माणसाचं. त्यात वावगं काही नाही, आठवण राहावी असं कुणाला वाटत नाही? पण ते माणूस कशानं गेलं हे त्या बाकावर कधीच लिहिलेलं नसतं. एडिसनमधल्या त्या गाडीवर नेमकं उलट होतं. देणारा कोण ते कळायला मार्ग नव्हता. त्याला स्वतःला आजार झाला होता, की बायकोला, की शेजारच्या एखाद्या मुलाला, पाटी काहीच सांगत नव्हती. तिच्यावर नाव होतं फक्त आजाराचं. गुप्तदानच म्हणायचं ते, पण आजार उघड करणारं गुप्तदान.

माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा मी कॉलेजात होते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. ‘तिची तब्येत जरा नरमच असते’, ‘गाठ आहे म्हणतात’, ‘तसलंच काहीतरी’ असं दबक्या आवाजात बोलणं चालायचं, मी खोलीत आले की तेही थांबायचं. आत्यानं स्वतः ती गाठ किती महिने लपवली असेल कोण जाणे. कुणाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हेच तिच्यापाशी नव्हतं. फायलीवर आजाराचं नाव इंग्रजीत होतं आणि ती फाइल कपाटात साड्यांखाली असे. उशीर झाला तो डॉक्टरांमुळे नाही, आमच्या गप्प बसण्यामुळे झाला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

म्हणून कॅलिफोर्नियातल्या, स्तनाच्या कर्करोगासाठी निघालेल्या गुलाबी पाटीची गोष्ट मला फार जवळची वाटते. तिथला नियम असा, की कुठलीही नवी खास पाटी हवी तर आधी साडेसात हजार लोकांनी पैसे भरून अर्ज करायचे. तोवर सरकार पाटी छापत नाही. अजून हातात न आलेल्या पाटीसाठी साडेसात हजार माणसांना पन्नास-पन्नास डॉलर मोजायला लावणं सोपं नाही. कर्करोगातून उठलेल्या बायकांनी ते काम अंगावर घेतलं, अर्ज जमवले आणि पाटी रस्त्यावर आणली. तिच्यावर लिहिलंय, लवकर निदान झालं तर जीव वाचतो. आणि पैसे जातात ते कमी उत्पन्नाच्या बायकांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोफत तपासणी करणाऱ्या सरकारी योजनेला. पाटी जे सांगते त्याच कामाला तिचे पैसे लागतात.

ही युक्ती तशी जुनी आहे. ज्या गोष्टीला एरवीही पैसे मोजायचेच, तिच्यासोबत थोडे जास्त घ्यायचे. १९०७ मध्ये डेलावेअर राज्यात क्षयरोग्यांचं एक लहानसं झोपडीवजा शुश्रूषागृह तीनशे डॉलरांअभावी बंद पडायच्या बेतात होतं. एमिली बिसेल या बाईंनी नाताळच्या पत्रांवर चिकटवायची एक-एक सेंटची तिकिटं छापून घेतली आणि विल्मिंग्टनच्या पोस्टात विकायला ठेवली. मूळ कल्पना डेन्मार्कच्या एका पोस्ट कारकुनाची, आयनार होलबोल यांची. तिथे ती १९०४ मध्येच सुरू झाली होती. बिसेलबाईंना हवे होते तीनशे, जमले दहापट. आपल्याकडेही १९५० पासून दर वर्षी २ ऑक्टोबरला टीबी सीलची मोहीम सुरू होते. शाळेत गुरुजी वर्गात ती तिकिटं वाटत. मी वहीच्या पहिल्या पानावर लावून ठेवायचे. क्षय हा शब्द मला त्या तिकिटानं शिकवला.

पण साडेसात हजारांचा तो आकडा मनात खुपतही राहतो. जो आजार घरोघरी आहे त्याला इतके अर्ज मिळतील. एखाद्या राज्यात जेमतेम चाळीस मुलांना असलेला आजार असेल तर? त्यांच्या आयांनी इतकी माणसं कुठून आणायची? आणि ज्यांच्याविषयी बोलताना लोक अजूनही चाचरतात, त्या मनाच्या आजारांचं नाव आपल्या गाडीमागे मिरवायला किती जण तयार होतील? लोकांच्या मायेवर सोडलं की माया ओळखीच्या दु:खाकडे आधी धावते. म्हणून मला वाटतं, तपासणी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी आहेच. पाटीमुळे ती कमी होत नाही, आणि तसं कुणी भासवू लागलं तर त्याला तिथेच अडवायला हवं.

आपल्याकडे अशी पाटी निघणार नाही हे मला ठाऊक आहे. गाड्यांची चोरी आणि बनावट क्रमांक रोखायला आता सगळीकडे एकसारखी उच्च सुरक्षा नंबरप्लेट आलीय, होलोग्राम आणि लेझरनं कोरलेल्या क्रमांकाची, आणि तिच्यावर वेगळं काही लिहायला परवानगी नाही. ते योग्यच आहे. पण नंबरप्लेटवर आपलं काही असावं ही ओढ आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘दादा’ वाचता यावं म्हणून ४१४१ आणि ‘राम’ दिसावा म्हणून २१४ मागणारी माणसं आपलीच. पसंतीच्या क्रमांकासाठी लोक आरटीओत मोठी रक्कम भरतात. २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या ०००१ क्रमांकाचं शुल्क सहा लाख रुपयांवर गेलं. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातला ठरावीक भाग तालुक्याच्या गावी बायकांच्या तपासणीसाठी बाजूला काढला आणि पावतीवर तसं स्वच्छ मराठीत छापलं, तर नियमाला धक्का लागत नाही. ‘स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी’ असे शब्द त्या पावतीवर असावेत. दादा म्हणवून घेणाऱ्याच्या हातातून ती पावती घरी जाईल, आणि घरातलं कुणीतरी ती वाचेल.

आत्याला पहिल्यांदा परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं तो दिवस मला आठवतो. नंबर यायला वेळ होता म्हणून आम्ही बाहेर येऊन बसलो होतो. बाबांना बहिणीशी काय बोलावं सुचत नव्हतं. ते समोर उभ्या असलेल्या जीपगाड्या आणि ॲम्ब्युलन्सचे नंबर वाचत राहिले. एमएच १३, सोलापूर. एमएच १८, धुळे. एमएच २६, नांदेड. मग एक बिहारची. आत्या बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “दादा, केवढ्या लांबून आलेत रे सगळे.”