गुणांची यादी आणि वसतिगृहाची खोली

ज्या गांवाला पूर्वीं एदलाबाद म्हणत, त्या मुक्ताईनगराहून जळगांवचें विद्यापीठ फार दूर नाहीं असें कोणी म्हणेल. परंतु तापी-पूर्णेच्या कांठच्या एखाद्या खेड्यांतून प्रथम तालुक्याला, तेथून भुसावळावरून जळगांवला आणि पुन्हां शहराबाहेर धुळ्याच्या रस्त्यानें जाणाऱ्या मुलीला ती वाट रोज दोन वेळां करावी लागली, तर दिवसाचा उत्तम भाग एस. टी.च्या बांकावरच संपतो. म्हणून तिला वसतिगृहांत खोली हवी. खोल्या थोड्या व मागणारे फार असले, म्हणजे खोली कोणाला द्यावी हा निव्वळ व्यवस्थेचा प्रश्न न राहतां नीतीचा प्रश्न होतो.

रूढ उत्तर सोपें आहे. सरकारी वसतिगृहांत प्रवर्गवार जागा ठरवून मागील परीक्षेच्या गुणांप्रमाणें क्रम लावतात. या रीतीचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. यादी भिंतीवर लागते, ती कोणालाही वाचतां येते, आणि वशिल्याला तींत शिरावयास वाव थोडा राहतो.

तथापि गुण येतात कोठून? रात्रीं दिव्याखालीं निवांत बसावयास मिळालें, मधेंच पाणी आणावयास कोणी उठविलें नाहीं, तर ते वाढतात. म्हणजे खोलीमुळें जें मिळावयाचें, तेंच आपण खोलीचें मोल म्हणून आधीं मागतों. अंगावर मांस आहे कीं नाहीं हें पाहून भुकेल्याला पान वाढण्यासारखेंच हें झालें. शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं, आणि भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास अनेक जातींचीं मुलें एका छपराखालीं आणलीं, तेव्हां वसतिगृह हें यशाचें बक्षीस नव्हतें. घरीं राहून ज्याला शिकतां येत नव्हतें, त्याचें तें घर होतें.

खोलीऐवजीं पैसे द्यावे, असेंही कोणी सुचवील. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांना स्वाधार योजनेखालीं निर्वाहाची रक्कम मिळते, व ती उपयोगाची आहे. परंतु शहरांत भाड्याची खोली शोधणाऱ्याला घरमालकानें आधीं आडनांव विचारलें, तर त्याचें उत्तर त्या रकमेंत नसतें.

आमच्या मतें घराचें अंतर व घरची स्थिति प्रथम पाहावी, आणि तेथें दोघें सारखीं ठरल्यावर मग गुण पाहावे. घरच्या स्थितीचे दाखले खोटे असूं शकतील. अंतर मात्र एस. टी.च्या वेळापत्रकावरूनच ताडून पाहतां येतें. यांत जवळच्या गांवचा एखादा हुशार मुलगा मागें राहील. त्याचें कांहींच नुकसान झालें नाहीं असें त्याला सांगण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. परंतु त्याचा वेळ जातो, आणि तिचें शिक्षणच जातें. या दोन हानी आम्हांस सारख्या वाटत नाहींत.

या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. आसोद्याच्या त्या बाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं रचलेलें दुसऱ्यांनीं उतरून घेतलें म्हणून तें आज आपणांपाशीं आहे. गुणांची यादी लावतांना तींत ज्यांचें नांव कधींच लागलें नसतें, त्यांचेंच नांव त्या यादीच्या माथ्यावर आहे, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.