जखमी माणसाचे आडनाव

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांची दोन कोवळी मुले यांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळण्यात आले. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये त्यांची नावे घेताना माझा कंठ दाटून आला होता. २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, खैरलांजी गावी, भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची निर्घृण हत्या झाली. माझ्या प्रवचनात त्यांचा उल्लेखही आला नाही. कोणी मनाई केली नव्हती. मला ते सुचलेच नाही.

हे न सुचणेच आपल्या विवेकबुद्धीचा पक्षपात उघडा पाडते. आपण जखम पाहण्याआधी आडनाव पाहतो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात प्रभू येशूने वाटसरूंची ओळख दिली, जखमी माणसाचे नाव वा कूळ मात्र सांगितले नाही. आणि त्याला टाळून पुढे गेलेला पहिला वाटसरू याजक होता, हे मला विसरता येत नाही.

आपल्या माणसांसाठी रडणे पाप नव्हे. परंतु तेथेच आटणारे अश्रू म्हणजे आप्तप्रेम, करुणा नव्हे. बंधुभगिनींनो, येत्या रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक तरी नाव परक्याचे असू द्या.