समोरच तर हाय!

सपाट मुलखातल्या माणसाच्या डोळ्यांना एक खोड असते. साऱ्या जगाचे माप तो आपल्या शिवारावरून घेतो. आम्हा लातूरकडच्या मंडळींचेच पाहा ना. बालाघाटचे पठार, नजर जाईल तिथवर तूर नि सोयाबीन, मधूनच एखादी बाभळ. बाभळीएवढी उंची म्हणजे आमची हद्द झाली! गंजगोलाईतून 16 रस्ते फुटतात, पण एकही डोक्यावर चढत नाही. असेल तेवढे दिसेल आणि दिसेल तेवढेच असेल, असा आमचा साधा हिशेब.

हा हिशेब नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला पोचला की कोलमडतो. रेणुकामातेच्या गडावरून दत्तशिखर बघून "हे काय, समोरच तर हाय! आत्ता जाऊन येतो," म्हणणारा यात्रेकरू हमखास भेटतो. मधली दरी त्याच्या नजरेत भरत नाही. आणि मधली जमीन दिसली नाही की डोळा तेवढे अंतर गिळून टाकतो. पावसाने हवा धुऊन निघाली की डोंगर जवळ सरकतात, उन्हाळ्यात धूळ चढली की लांब जाऊन बसतात. अंतर चुकले की आकार चुकलाच. चढाचे तर विचारूच नका. संशोधकांनी लोकांना टेकडीच्या पायथ्याशी उभे करून विचारले, तर 5 अंशांचा चढ त्यांना 20 अंशांचा वाटला. हा जादा चढ डोंगराचा नसतो, आपल्या गुडघ्यांचा असतो.

मग खरे माप कळते केव्हा? समोरच्या वाटेवर मुंगीएवढे लाल लुगडे हलताना दिसते तेव्हा. अरे, ही तर बाई! बाई पाच फुटांची, म्हणजे डोंगर केवढा! डोंगराचे माप माणसाने ठरते. इथवर सगळे ठीक.

पण पुष्कळांचे गणित इथून उलटे चालू लागते. डोंगर मोठा, म्हणून माणूस मुंगी! उंच जागी बसलेला, मग ती जागा गडाची असो की खुर्चीची, एक गोष्ट विसरतो. ज्या अंतराने ती बाई मुंगी झाली, त्याच अंतराने तिच्या लेखी आपणही मुंगीच झालो आहोत.

लांबून माणूस लहान दिसतो, तसा आकडा मोठा दिसतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाणी 5 लाख लिटर. लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, गोदावरीच निघाली! पण 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांवर होती. वाटून बघा, माणशी सव्वा लिटरच्या आसपास. म्हणजे तांब्याभर. मदत खोटी नव्हती, पुढे वाघिणीही 50 झाल्या. चुकले ते लांबून पाहणाऱ्याचे माप. रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला मात्र हे भागाकाराशिवाय कळत होते.

तेव्हा डोंगर असो, धरण असो की आकडा, त्याच्याशेजारी एक माणूस उभा करून बघावा, पुऱ्या उंचीचा. आणि तो मुंगीएवढा दिसू लागलाच, तर उगाच डोळे चोळत बसू नये. चार पायऱ्या खाली उतरावे.