पेइंग गेस्टला 'दुसरीकडे बघ' म्हणावे का?



रविवारच्या मिस्सानंतर मी गेटपाशी उभा असतो तेव्हा लोक बहुधा प्रार्थनेची विनंती करतात, बाप्तिस्म्याची तारीख विचारतात, नाहीतर माइकची तक्रार करतात. पण अधूनमधून कुणीतरी गर्दी पांगेपर्यंत थांबते आणि हळूच विचारते, "फादर, आमच्या पेइंग गेस्टला जायला सांगितले तर पाप लागेल का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर एकदा नीट लिहावे असे वाटले.

अंधेरीत हा प्रश्न पडावा यात नवल नाही. सहार, चकाला, मरोळ ही मुळात गावठाणे. शेते गेली, त्या जागी विमानतळ आणि एमआयडीसी आली, १९७३ मध्ये सीप्झ आले, हॉटेले आली, २०१४ मध्ये मेट्रो धावू लागली. नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींना डोके टेकायला जागा हवी असते, आणि आपल्या जुन्या घरांत माळ्यावरची एखादी खोली रिकामी असते, कारण आपली मुले विरारला किंवा गल्फला गेलेली असतात. त्या खोलीचे पैसे हेच काही विधवा भगिनींचे पेन्शन आहे. तेव्हा 'पैशासाठी ठेवला ना, मग सोसा' असे कुणी सहज म्हणू नये.

शिवाय आपल्या लोकांच्या मनात जागेविषयी एक जुनी धास्ती आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली एकदा आलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिला, हे आपण पाहिले आहे. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जागेत राहणारे परवानाधारक एका फटक्यात भाडेकरू ठरले. घरमालकासोबत राहणाऱ्या पेइंग गेस्टला यातून वगळलेले होते, पण घाबरलेला माणूस कायद्याची कलमे कुठे वाचतो? 'ओसरी दिली की पाय पसरतो' एवढेच त्याच्या लक्षात राहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने ही धास्ती बरीच कमी केली. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ती जबाबदारी मालकाची, आणि मुदत संपली की जागा परत मिळवण्याची वेगळी सोय. मुदतीनंतरही जो जागा सोडत नाही त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून 'आधी काढले नाही तर कायमचा बसेल' ही भीती आज निर्णयाचे कारण होऊ नये. करार मात्र करा. 'आपलाच मुलगा, कागद कशाला' असे म्हणणारेच पुढे माझ्याकडे येतात.

याच कायद्यातली पेइंग गेस्टची व्याख्या मला फार आवडते. मालक स्वतः ज्या जागेत राहतो त्या जागेचा एक भाग ज्याला वापरायला दिला आहे आणि जो घरच्या कुटुंबातला नाही, तो पेइंग गेस्ट. भाडेकरूशी आपला संबंध चार भिंतींपुरता असतो. हा मात्र आपल्या आल्तारासमोरून चपला हातात घेऊन जातो. त्याला आपली भांडणे ऐकू येतात, आपल्याला त्याचा खोकला ऐकू येतो. तो घरचा नाही आणि परकाही नाही. सगळी अडचण तिथेच आहे. घरच्या माणसाला आपण 'निघ' म्हणत नाही. परक्याला म्हणताना झोप उडत नाही.

आता, 'ख्रिस्ती माणसाने कुणालाही घराबाहेर काढू नये' असे जे समजतात त्यांना सांगायला हवे की ख्रिस्तसभेची परंपरा तसे म्हणत नाही. 'डिडाखे' नावाचे अगदी सुरुवातीच्या काळातले एक लहानसे पुस्तक आहे. वाटसरूला शक्य तेवढी मदत करा, असे ते सांगते. पण त्याने दोन दिवस, गरज पडल्यास तीन दिवस राहावे, आणि कायम राहायचे असेल तर काम करून खावे. फिरता प्रेषित म्हणून आलेला माणूस तीन दिवस राहिला तर तो खोटा समजावा, इतके ते सडेतोड आहे. आपले पूर्वज भोळे नव्हते.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत याहून बारीक विचार आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यावे, हे तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात आहे आणि ते सर्वांना माहीत असते. एकसष्टावे प्रकरण कमी लोक वाचतात. लांबून आलेला एखादा साधू मठात राहू लागला आणि त्याने काही दोष दाखवला, तर मठाधिपतीने आधी विचार करावा की कदाचित प्रभूने याला यासाठीच पाठवले असेल. पण तोच पाहुणा फार मागण्या करणारा किंवा वाईट सवयींचा निघाला, तर त्याला सभ्यपणे जायला सांगावे, नाहीतर त्याच्यामुळे इतरही बिघडतील. सांगावे, आणि सभ्यपणे सांगावे.

पाहुण्याचीही कर्तव्ये असतात. शिष्यांना पाठवताना प्रभू येशूने त्यांना एकाच घरी राहायला आणि पुढे वाढतील ते खायला सांगितले, हे संत लूक लिहितात. संत पौल तर करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहत आणि त्यांच्याबरोबर तंबू बनवण्याचे काम करत. स्वभावाने ते सोपे पाहुणे असतील असे मला वाटत नाही, पण ते कुणावर भार झाले नाहीत.

सेमिनरीत आम्हाला कांट शिकवत तेव्हा तो अंधेरीत कामाला येईल असे वाटले नव्हते. १७९५ साली या जर्मन तत्त्ववेत्त्याने जगातल्या शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात परक्या माणसाच्या हक्काविषयी तो म्हणतो, की परक्याला आपल्या दारी येण्याचा हक्क आहे, कायमचे राहण्याचा नाही. त्याला परत पाठवता येते, पण तसे करण्याने त्याचा सर्वनाश होणार नसेल तरच. आणि तो शांततेने वागत असेल तोवर त्याच्याशी वैर धरू नये. कांट देशांविषयी बोलत होता. मला ही अट माळ्यावरच्या खोलीलाही लागू पडते असे वाटते.

तरी सगळ्या अवघड माणसांना एकच माप लावता येत नाही. ज्याच्यामुळे घरातल्या मुलीबाळींना धोका आहे, जो हात उगारतो, त्याच्या बाबतीत विचार करत बसू नका. त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठा. दुसऱ्या टोकाला, सुक्या मासळीच्या वासाने नाक मुरडणारी मुलगी किंवा पहाटे वेगळ्या देवाची आरती लावणारा मुलगा 'अवघड' नसतो, वेगळा असतो. आपल्यातल्याच कितीतरी जणांना जागा बघायला गेल्यावर 'नॉनव्हेज चालणार नाही' असे ऐकावे लागले आहे. खरा पेच या दोन टोकांच्या मध्ये आहे: उशिरा येणारा, पैसे थकवणारा, महिन्यातून दोनदा पिऊन येणारा, उद्धट बोलणारा.

आपल्या भागातल्या एका आजींचा पेच असाच होता. त्यांची परवानगी घेऊन लिहितो, नाव अर्थातच सांगत नाही. मराठवाड्यातला एक मुलगा त्यांच्याकडे राहत होता, हॉटेलच्या किचनमध्ये नोकरीला. रात्री दोनला यायचा, लोखंडी गेट आदळायचा, मग अंडी तळायचा. दोनदा गॅसचे बटण उघडे राहिले होते. तीन महिन्यांचे पैसे थकले होते. आजींनी ठरवले होते की पुतणीच्या लग्नाला नाशिकहून पाहुणे येणार आहेत, खोली हवी, असे त्याला सांगायचे. मी विचारले, "त्याला या गोष्टी कधी बोलून दाखवल्यात?" त्या म्हणाल्या, "त्याला कळायला नको? मी रोज सकाळी भांडी आपटते ती काय उगाच?"

मला हसू आले, पण आपण सगळे हेच करतो. तोंड वाकडे करतो, भांडी आपटतो, शेजारणीला सांगतो, लेकीला फोनवर सांगतो, फादरना सांगतो. ज्याच्याविषयी बोलतो तो सोडून सगळ्यांना सांगतो. त्या मुलाच्या गैरहजेरीत त्याचा खटला चालला, निकाल लागला, आणि शिक्षेचे कारणही खोटे द्यायचे ठरले.

थकलेल्या म्हाताऱ्या बाईला चार सौम्य शब्द हवे असतात, हे मला समजते. तरीही इथे मला पाप दिसते. संत थॉमस अक्वायनस यांनी खोटे बोलण्याचे तीन प्रकार केले: गमतीचे, कुणाच्या सोयीचे आणि कुणाच्या नुकसानीचे. दुसऱ्या प्रकाराचे पाप हलके, पण पापच, असे ते मानतात. त्याचबरोबर सत्य विचारपूर्वक राखून ठेवायला त्यांची हरकत नाही. म्हणजे प्रत्येक कारण उगाळून सांगायची सक्ती नाही. 'मला आता झेपत नाही' एवढे पुरे, जर ते खरे असेल. नाशिकचे पाहुणे मात्र आणू नयेत. त्यांच्यामुळे त्या मुलाला स्वतःविषयी काहीच कळत नाही. तो पुढच्या घरीही दोन वाजता गेट आदळणार. त्याला उत्तरही देता येत नाही. आणि खरे सांगायचे तर आपण हे खोटे त्याचे मन राखायला बोलत नाही, आपण चांगले दिसावे म्हणून बोलतो. कधी तर तो महिन्याने येऊन विचारतो, "लग्न झाले ना? आता परत येऊ का?" मग दुसरे खोटे.

याहून वाईट रीत म्हणजे तोंडाने काही न बोलता त्याला छळणे: गिझर बंद करणे, फ्रिजला कुलूप लावणे, सकाळी पाणी येते तेव्हा बाथरूम अडवून ठेवणे, म्हणजे तो आपणहून जाईल आणि 'आम्ही कुठे काढले?' असे म्हणता येईल. उघडपणे 'जा' म्हणणारा माणूस त्यापेक्षा बरा.

आजींनी एका रविवारी दुपारी त्याला बसवून सांगितले. तो गोंधळलाच. रात्री आजींच्या खोलीत दिवा दिसायचा, तो आपल्याला जिना दिसावा म्हणून त्या लावून ठेवतात असे त्याला वाटत होते. त्यानंतर गेटचा आवाज थांबला, रात्रीचे तळणे थांबले. पैसे मात्र सुधारले नाहीत. बरेचसे तो गावी पाठवत होता. शेवटी आजींनी त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आणि तो गेला. डिपॉझिटमधून त्यांनी तीन नव्हे, एकच महिना कापून घेतला. तो त्यांचा निर्णय, मी सुचवला नव्हता. नाताळात तो केक घेऊन भेटायला आला का, असे विचाराल, आला नाही. तरी त्यांनी केले ते योग्यच होते असे मला वाटते. सुधारला असता तर राहिला असता. ती संधी त्याला खरोखर मिळाली होती.

कांटच्या अटीकडे पुन्हा वळतो, कारण मुदत ठरवताना ती लागते. महिनाभराची सूचना कागदावर पुरेशी असेल. पण ऐन परीक्षेच्या आधी, नुकतीच नोकरी गेलेली असताना, किंवा जुलैच्या पावसात डिपॉझिट न देता सामान गेटबाहेर ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. डिपॉझिट हातात असल्याशिवाय त्याला दुसरी जागा मिळत नाही, हे आपल्याला पक्के माहीत असते. जो मनाने आजारी आहे, दिवसेंदिवस दार लावून बसतो, त्याला 'निघ' म्हणण्याआधी त्याच्या घरी फोन करा आणि कुणी येईपर्यंत थांबा. अशा वेळी एकट्याने भार उचलू नका. आमच्याकडे या, व्हिन्सेंट डी पॉलचे बंधू बरोबर येतील. आणि तुमचीच तब्येत ढासळत असेल, तर तेही कारण आहे. स्वतःला मोडून घेईपर्यंत कुणाला ठेवा असे शुभवर्तमानात मला कुठे आढळत नाही.

ज्यांच्याकडे खोली रिकामी आहे त्यांनी धर्मग्रामाच्या ऑफिसात वहीत नोंद करावी. भाडे आणि डिपॉझिट तर लिहाच, पण रात्री गेट किती वाजता बंद होते, स्वयंपाक चालतो की नाही, आणि घरात कुणाची झोप हलकी आहे, तेही लिहा.