जागलीची रात्र

हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडे माणसं रात्री जागलीला जातात. रानडुकरं आली, डबे बडवून हाकलली, तर सकाळी पारावर सांगायला गोष्ट मिळते. काहीच आलं नाही, तर जागल्या मुकाट्यानं घरी येतो. खरं तर त्याचीच राखण पूर्ण झालेली असते.

सैनिकांच्या बाबतीत आपण हे विसरतो.

मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या माऱ्यात त्यांचे सगळे साथीदार पडले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्बनं ती बंद पाडली, टॉमीगनमध्ये गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून दस्त्यानं लढले आणि गोळ्या लागून कोसळले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; कबर मात्र नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, कॅनडासारख्या दूरदेशींच्या शिपायांसोबत त्यांचं नाव कोरलं आहे. ही कथा ऐकताना अंगावर काटा येतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सैलानीच्या यात्रेला जाणाऱ्यांना पिंपळगाव सराई ठाऊक आहे. तिथले अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेले. कर्तव्यावर प्राण देणारे ते पहिले अग्निवीर. सियाचीनवर २००३ पासून तोफा शांत आहेत. तिथं माणसं मारतात ती थंडी, विरळ हवा आणि हिमकडे. सांगायला ना चढाई, ना शत्रू. म्हणून ते मरण उणं ठरतं का?

धावून जाण्याचं धैर्य एका क्षणाचं असतं. उभं राहण्याचं धैर्य रोज सकाळी नव्यानं गोळा करावं लागतं. पहिल्याला आपण पदक देतो, दुसऱ्याला गृहीत धरतो.

अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची. त्याच्यामागे घरच्यांना विमा आणि सानुग्रह रक्कम मिळते, नियमित सैनिकाच्या कुटुंबासारखं निवृत्तिवेतन नाही. बर्फ मात्र कुणाची भरती किती वर्षांची, हे विचारत नाही. मग आपण तरी का विचारावं?

आज रात्री आपल्या गावात काहीच घडणार नाही. सकाळी उठल्यावर त्या न घडलेल्या गोष्टीसाठी कुणाचं तरी देणं लागतो, एवढं आठवू या.